गावपळणीतले सूर्यनमस्कार

केयूर सरांनी रविवारात हात घातला तेव्हा जयराम मुणगेकर निजलेला होता. त्यामुळे विरोध करायची संधी त्याला मिळाली नाही. (जागा असता तर त्याने ती घेतली असती, असंही नाही.)

जयरामचा रविवार ठरलेला असे. सकाळी उशिरा उठायचं, बाजारातून बांगडे आणायचे, बायकोने, सुगंधाने, केलेलं त्यांचं तिखलं भातावर घेऊन दोनदा जेवायचं, म्हणजे एकाच बैठकीत दोनदा, आणि मग पडवीत चटईवर आडवं व्हायचं ते दिवेलागणीपर्यंत. बाकीचे सहा दिवस तो 'दाजी काजू-कोकम प्रॉडक्ट्स'च्या डिस्पॅचमध्ये सरबताच्या बाटल्या खोक्यात भरून, वर चिकटपट्टी मारून कुरिअरवाल्याच्या हवाली करायचा. रविवारच्या निजण्याला सुगंधा आळस म्हणायची. जयराम त्याला पगाराचाच एक भाग समजायचा, आणि त्यातलं एकही मिनिट कापून द्यायला तो तयार नव्हता.

कारखाना दाजी चालवत होते तोवर सगळं ठीक होतं. शनिवारी संध्याकाळी फाटकाबाहेर पडलेला माणूस सोमवारपर्यंत काय करतो, याच्याशी दाजींना काडीचं कर्तव्य नसे. पण दाजींचे गुडघे गेले आणि त्यांचे चिरंजीव केयूर पुण्याहून कसलासा कोर्स करून आले. कोर्स माणसांचा होता. काजू नीट हाताळला तर अख्खा निघतो, तसं माणसाचंही असतं, असा त्याचा सारांश असावा. हॉस्टेलात वाढलेला मुलगा, बोलायला गोड, मनाने वाईट मुळीच नाही. आणि वाईट नसलेल्या साहेबापासून सुटका फार कठीण असते. पहिल्याच मीटिंगला ते म्हणाले,

"मित्रांनो, सोमवारी तुम्ही मला थकलेले दिसता. याचा अर्थ तुमचा रविवार चुकतोय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. इतकी वर्षं आपला रविवार चुकतोय आणि आपल्याला पत्ताच नाही, याचं काहींना वाईटही वाटलं.

"रविवार तुमचाच आहे," सर पुढे म्हणाले, "मी तो फक्त बघणार आहे."

झालं. 'ताजा रविवार' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. दर रविवारी सकाळी प्रत्येकाने आपल्या सुट्टीचा एक फोटो टाकायचा. व्यायाम चालेल, कुटुंब चालेल, काही नवीन शिकत असाल तर फारच छान. "झोपलेल्या माणसाचा फोटो चालणार नाही," सर म्हणाले आणि का कोण जाणे, त्यांनी जयरामकडे बघितलं.

पहिल्या रविवारी अकाउंट्समधली संचिता समुद्राकडे धावायला गेली. पॅकिंगमधला मितेश मुलाला सायकल शिकवताना दिसला. जयरामच्या उशाशी मात्र फोन वाजला तो सरांचाच. "जयरामकाका, तुमचा रविवार अजून आला नाही."

आता दोन रस्ते होते. मी निजलोय म्हणून खरं सांगायचं, किंवा एक मिनिट उभं राहायचं. जयरामने एक मिनिट उभं राहायचं ठरवलं. सगळा घोळ या एका मिनिटाने केला.

बनियनवर तो अंगणात तुळशीसमोर उभा राहिला आणि सुगंधाच्या हातात त्याने मोबाईल दिला.

"सूर्यनमस्काराचो काढ."

"मगे वायच खाली वाका."

"ह्याच्या खाली जाणा नाय."

"बोटा तरी भुंयक लागाक व्हयी!"

"फोटो वयल्यान काढ, लागली म्हणान दिसतली."

तिने वरून काढला, बोटं लागली. खाली जयरामने स्वतःच्या बुद्धीने ओळ घातली, 'आजची ताजी सकाळ, माझ्याच अंगणात', आणि तो परत चटईवर गेला. सोमवारी ऑफिसात जाऊन बघतो तर नोटीसबोर्डावर त्याचा फोटो, फुलांच्या चौकटीत, खाली लिहिलेलं 'सुट्टीवीर'. कारखान्यात आजवर त्याच्या कामाचं कुणी एवढं कौतुक केलं नव्हतं.

सुट्टीवीर झालेल्या माणसाला पुढच्या रविवारी निजता येईना. तेव्हा जयरामने आयुष्यातली एकमेव दूरदृष्टीची गोष्ट केली. एका दुपारी त्याने कपाटातले सगळे शर्ट बाहेर काढले आणि पुढच्या सगळ्या रविवारांचे फोटो एका दमात काढून ठेवले. चौकड्याच्या शर्टात तो विळीवर कांदा चिरतोय. निळ्या शर्टात माडांना पाणी घालतोय. पांढऱ्या सदऱ्यात सासूबाईंच्या पायाला तेल लावतोय (सासूबाई घाबरल्या होत्या, पण फोटोत ते भक्तीसारखं दिसलं). बनियनवर झाडू घेऊन अंगण झाडतोय. फोटो निघाला की झाडू जमिनीवर, आणि पुढचं अंगण सुगंधा झाडायची.

"ह्यां तुमचा बरा आसा," ती म्हणाली. "नाव तुमचा आणि कंबर माझी."

"अगो, साहेबाची मर्जी राखूक व्हयी."

त्यानंतर दर रविवारी फोन वाजला की सुगंधाच गॅलरीतला एखादा फोटो, तीच ठेवणीतली ओळ खाली घालून, पाठवून द्यायची. जयरामची कूसही बदलत नसे. असं सुखात चाललेलं असताना मार्गशीर्षात गावपळण आली.

जयरामचं गाव सुरंगवणे. ग्रामदेवतेने कौल दिला की तीन दिवस, तीन रात्री गाव देवाच्या स्वाधीन करायचा आणि सगळ्यांनी शिवेबाहेर जाऊन राहायचं, ही तिथली पिढ्यांची रीत. माणसं जातातच, पण गाई, कोंबड्या, कुत्री, सगळी बरोबर न्यायची. गावात चूल पेटता नये, माणसाचं पाऊल पडता नये. कुणी शिवेच्या आत गेला तर पळण मोडली, आणि सगळ्या गावाने ती पहिल्यापासून पुन्हा करायची. भिकाजी गावकर म्हणजे यातले मोठे मानकरी. त्यांच्या नजरेतून कोंबडीचं पिल्लूही सुटत नसे.

जयराम रजा मागायला केबिनमध्ये गेला.

"तीन दिवस? काय करणार तीन दिवस?" केयूर सरांनी विचारलं.

"काही नाही, सर. शिवेबाहेर राहायचं."

"हो, पण राहून करायचं काय?"

"काहीच करायचं नसतं, सर. देवाचाच हुकूम आहे."

काही न करण्याला वरून मंजुरी आहे, असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. सरांनी थोडा विचार केला. गावपळण म्हणजे गावकऱ्यांची मोठी सहल, एवढंच त्यांना ऐकून ठाऊक होतं.

"ठीक आहे. पण रजा म्हणजे सलग तीन रविवारच की! रोज एक फोटो. तुम्ही सुट्टीवीर आहात, काका. लोकांचं लक्ष असतं."

जयराम घाबरला नाही. सुरंगवण्यात मोबाईलला रेंज येते ती घरांपुरती; शिवेकडे गेलं की आंब्याच्या झाडावर चढावं लागतं. मग गावाबाहेरच्या मळ्यात कुठली यायला? तो निश्चिंत होऊन घरी आला. सुगंधाने पीठ, भांडी, कोंबड्यांची टोपली बांधली. जयरामने स्वतःची चटई गुंडाळून घेतली. ढोल वाजला आणि सगळा गाव शिवेवरचा व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडून पलीकडच्या मळ्यात गेला. माडाच्या चुडतांची खोपटी उभी राहिली, तीन धोंड्यांच्या चुली पेटल्या, पोरं मोकाट सुटली. जयरामने आंब्याखालची जागा धरली, पाठ टेकली आणि वर बघितलं. खोपटाच्या बरोब्बर मागे, शेजारच्या गावाचा मोबाईल टॉवर उभा होता. खिशातला फोन जन्मात वाजला नव्हता असा खणखणीत वाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा वाजला. सुगंधा भाकऱ्या थापत होती.

"ओ, फोटो धाडूचो आसा!"

चादरीखालून आवाज आला, "गॅलरीतलो खयचोय धाड गो."

सुगंधाचे हात पिठाचे. एका बोटाने जो पहिला लागला तो फोटो तिने पाठवला, खाली नेहमीची ओळ टाकली आणि भाकरी परतायला घेतली. फोटो सूर्यनमस्काराचा होता.

एरवी तो ग्रुपवरच राहिला असता. पण रजेवर असूनही माणूस व्यायाम सोडत नाही, याने केयूर सर इतके भारावले की नोटीसबोर्डावर हाच फोटो आहे हेही न ओळखता त्यांनी तो कंपनीच्या फेसबुक पानावर चढवला. 'आमचे सुट्टीवीर जयरामकाका, आज सकाळी, सुरंगवणे इथल्या आपल्या घराच्या अंगणात!' काजूबियांचा भाव याच पानावर कळतो, म्हणून ते पान सुरंगवण्यातलं घर न् घर बघतं. आणि मळ्यात त्या दिवशी रेंज भरपूर होती.

जयरामला जाग आली ती कलकलाटाने. खोपटासमोर अर्धा गाव उभा, पुढे भिकाजी गावकर.

"जयरामा, भायर ये! सकाळी खंय होतंस?"

"हयच. निजान होतंय."

"मगे ह्यो कोण?" भिकाजींनी मोबाईल पुढे धरला.

जयरामने बघितलं. अंगण आपलं, तुळस आपली, वाकलेला माणूसही आपणच. वर लिहिलेलं, आज सकाळी.

"पळण मोडलंस मेल्या!" मागून कुणीतरी ओरडलं. "आता परत तीन दिस!"

"माझ्या चेडवाक बघूक पावणे येवचे आसत!" गर्दीतली शेवंती रडकुंडीला आली होती. "तेंका काय ह्या मळ्यात बसवू?"

"बोल," भिकाजी म्हणाले. "फोटो आजचो काय जुनो?"

जुना आहे, एवढे दोन शब्द जयरामच्या जिभेवर आले होते. ते बोलला असता तर गाव तिथल्या तिथे सुटला असता. पण सगळ्यांच्या हातात मोबाईल, सगळे त्या पानावर लिहिणारे. घटकाभरात ते केयूर सरांनी वाचलं असतं. मग एक फोटो जुना तर बाकीचे? विळी, माड, सासूबाईंचे पाय? नोकरी गेलीच म्हणायची. आणि जुना नाही म्हणावं, तर सगळ्या गावाला पुन्हा तीन दिवस मळ्यात बसवल्याबद्दल पुढच्या पिढीतही कुणी आपल्या खांद्याला खांदा लावणार नाही, तिरडीसाठीसुद्धा. जयराम आळीपाळीने मोबाईलकडे आणि भिकाजींकडे बघत उभा राहिला. त्याला भयंकर झोप आली.

तेवढ्यात कंपनीची जीप मळ्यात शिरली. फोटोखाली धडाधड येणारे शेरे बघून (वाचून नव्हे, नुसते बघून) केयूर सर खूश झाले होते आणि सुट्टीवीराचा सत्कार सुट्टीतच करावा म्हणून स्वतः निघाले होते. झेंडूचा हार हातात, गळ्यात कॅमेरा.

"अरे वा! सगळे जमलेच आहात!"

भिकाजी शहरी भाषेवर आले. "शेठ, बरं झालं आलात. हा फोटो कधीचा?"

"आजचाच! आमच्याकडे शिळा फोटो चालतच नाही. हो की नाही, काका?"

सगळा मळा जयरामकडे बघू लागला. गाईसुद्धा बघत होत्या असं त्याला वाटलं.

"फोटो आजचा आहे," जयराम म्हणाला, "पण त्यातला मी आजचा नाही."

कुणालाच काही कळलं नाही. त्याला स्वतःलाही ते फारसं पटलं नव्हतं. तेव्हा शेजारच्या खोपटातून अक्का काठी टेकीत बाहेर आली. अक्काचं वय गावात कुणी विचारत नाही आणि तिच्या बोलण्यात कुणी पडत नाही.

"काय आरडतास? सकाळी ह्यो खंय जातलो? पाटेपासून घोरत होतो. माझी गाय पान्हवाक नाय ह्येच्या घोरण्यान!"

गर्दीत चुळबुळ झाली.

"ता मात्र खरा," शेवंतीला आपल्या मुलाचं आठवलं. "माझो झील दचकान उठलो."

"आमचे कुत्रे रात सरली तरी भुकत होते, वाघ इलो म्हणान," आणखी कुणीतरी म्हणालं.

"तो आवाज ह्येचो?" भिकाजी चमकले. "माका वाटला, कोणी जनरेटर हाडल्यांनी!"

मग साक्षीदारांची रीघ लागली. व्हाळाच्या काठावरच्या खोपटापर्यंत आवाज पोचला होता. एकेका साक्षीने जयराम गावापुढे निर्दोष होत होता आणि त्याच साक्षीने साहेबापुढे बुडत होता. केयूर सरांच्या हातातला हार हळूहळू खाली आला.

"आणि सूर्यनमस्कार?" अक्काने शेवटचा घाव घातला. "ह्येका? साळंत कवायतीक उभो केलो तर उभ्या उभ्या निजायचो ह्यो!"

भिकाजी माणूस नियमाचा. "सगळा खरा. पण देवाक कौल लावचो तर पुरावो व्हयो."

इतका वेळ तव्यावरून नजर न काढलेली सुगंधा आता बोलली. "फोटोत खळ्यात माटव खंय आसा? माटव घातलो तो तुळशीच्या लग्नाक. ह्यो फोटो पावसाच्या आधीचो."

सगळ्यांनी मोबाईल जवळ घेऊन बघितलं. खरंच, अंगणावर मांडव नव्हता. कोणाच्याही अंगणावर आत्ता तो असायलाच हवा. गावाने मोठा निःश्वास सोडला.

"आणि तो माटव घालूक," सुगंधा भाकरी उलटत म्हणाली, "माका माझ्या भावाक मिठबावसून बोलवचो लागलो."

हे कुणी विचारलं नव्हतं.

केयूर सर पुढे आले. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "काका, मग बाकीचे रविवार?"

जयरामने हात जोडले. आता लपवायला काही उरलंच नव्हतं, आणि तो मनापासून चिडलाही होता. "बाकीचे रविवार मी निजलो, सर. सहा दिवस तुमचे. त्यांत मी एक खोकं कधी चुकीच्या पत्त्यावर पाठवलं असेल तर सांगा. पण सातव्या दिवशी मला काही करायचं नसतं. सुट्टी चांगली घालवून दाखवायची म्हणजे तीपण नोकरीच झाली. मग मला तिचीही एक सुट्टी द्या."

सर हाराकडे बघत राहिले.

"पण सोमवारी सगळ्यात ताजे तुम्हीच असता," ते गोंधळून म्हणाले.

"निजतो म्हणून, सर."

भिकाजींनी वाद वाढू दिला नाही. देवाला सगळं सांगून टाकायला हवं होतं. त्यांनी गावाकडे तोंड केलं, नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. गावाने टोप्या काढल्या. केयूर सरही हार सावरून गर्दीत उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा! आज तुझ्या लेकरार आळ इलो, पण पळण मोडाक नाय रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्या जयरामाच्या आळसान आज गाव राखलो. तो आळस असोच अखंड ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" पोरं सगळ्यांत मोठ्याने ओरडली. सरांनाही लय सापडली होती, तेही गावाबरोबर म्हणाले.

"आणि कोणाक दुसऱ्याच्या रविवारात डोळे घालूची बुद्धी होत आसात, तर ती आजपासून दूर कर रे म्हाराजा!"

"होय महाराजा!" केयूर सर सगळ्यांच्या आधी म्हणून बसले. म्हणून झाल्यावर त्यांना अर्थ लागला. पण देवापुढे, भर गावात, नारळ साक्षीला ठेवून गेलेला शब्द परत घेता येत नाही, हे हॉस्टेलात वाढलेल्या माणसालाही कळतं. सोमवारी 'ताजा रविवार' ग्रुप बंद झाला. नोटीसबोर्डावरची चौकट रिकामी झाली. संचिता आणि मितेशने जयरामला चहा पाजला. समुद्राकडे एकदाच धावून सहा महिने लंगडत असल्याचं संचिताने तेव्हा सांगितलं.

पुढचा रविवार उजाडला तो सोन्याचा. बांगडे झाले, दोनदा जेवण झालं, जयराम पडवीत चटईवर आडवा झाला. आता फोन वाजणार नव्हता. डोळा लागतो न लागतो तोच समोर सुगंधा उभी. एका हातात मोबाईल, त्यात बनियनवर झाडू घेतलेला जयराम; दुसऱ्या हातात खरा झाडू.

"हातात झाडू बरो दिसता तुमच्या."

"अगो, तो ग्रुप बंद झालो!"

"केयूरशेठांचो झालो. घ्या. आंगण झाडा, मगे माडांका पाणी, मगे कांदो. सगळा फोटोत आसा, माका नवीन काय सांगूक नको."

जयराम उठून बसला. त्याच्याकडे हुकमी पत्ता होता. "देवाक गाराणा घातलेला आसा! आळस अखंड ऱ्हवांदे म्हणान! सगळो गाव 'होय म्हाराजा' म्हणालो!"

"गाव म्हणालो," सुगंधाने झाडू त्याच्या मांडीवर ठेवला. "मी भाकरी परतत होतंय. मी म्हणूक नाय."

जयरामने अंगण झाडलं, माडांना पाणी घातलं, कांदा चिरला, आणि सासूबाईंच्या पायाला तेल लावलं (या खेपेला त्या घाबरल्या नाहीत, दुसरा पायही पुढे केला).

सोमवारी दुपारी तो डिस्पॅचमध्ये सरबताच्या खोक्यांना टेकून घोरताना सापडला. केयूर सर दारात बराच वेळ उभे होते. काल काय केलंत, हे विचारायला त्यांना देवाची बंदी होती, ती त्यांनी पाळली. मग त्यांनी मोबाईल काढला आणि नीट उजेड बघून एक फोटो घेतला. सोमवार त्यांचाच होता.